दहा सव्वीसचं प्रस्थान

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून टाकते. वडगावात खाली चार माग आणि वरच्या माडीवर आम्ही, अशा घरात मी वाढले. मागाच्या खटखटीत 'मीठ दे' एवढं सांगायचं तरी भांडण काढल्यासारखं ओरडावं लागतं. नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात साहेबांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, फोन करणारा माणूस आधीच घाबरलेला असतो. त्याला आणखी घाबरवू नका." मी म्हटलं, "बरं सर." ते म्हणाले, "हे 'बरं'सुद्धा जरा हळू म्हणा."

नोकरी अशी, की लोकांनी तीन आकडी नंबर फिरवला की फोन बेळगावात आमच्या हॉलमध्ये वाजतो. बारा टेबलं, बारा कंप्युटर, बारा हेडफोन. पहिलं वाक्य कन्नडमध्ये बोलायचं, "नमस्कारा, हेळ्री", म्हणजे बोला, आणि मग समोरचा ज्या भाषेत रडेल त्या भाषेत पुढं जायचं. गाव विचारायचं, दुखणं विचारायचं, जवळची ॲम्ब्युलन्स पाठवायची आणि ती पोचेपर्यंत त्या माणसाला धीर द्यायचा. कागदावर हे फार गंभीर काम आहे. प्रत्यक्षात लोंढ्याहून एकजण आठवड्यातून दोनदा फोन करून गाडी किती लेट आहे ते विचारतो. रेल्वेला विचारा म्हटलं तर म्हणतो, तिथं कोण उचलत न्हाय, तुम्ही तेवढं उचलताय. आम्ही उचलतो हा आमचा गुन्हा.

पत्ता सांगायची तर आमच्या लोकांची एकच रीत. "मारुतीच्या देवळापाशी येऊन कुणालाबी इचारा." अहो, ॲम्ब्युलन्सनं कुणाकुणाला विचारत फिरायचं? एकदा मी असं तापून विचारलं तर पलीकडचा गृहस्थ शांतपणे म्हणाला, "मग इचारू नका, मी देवळापाशीच हाय." म्हणजे पेशंट घरी एकटा. असल्या माणसांवर रागवायचं तरी कसं, आणि नाही रागवायचं तरी कसं?

या सगळ्या गोंधळात एकच गोष्ट पक्की असते, ती म्हणजे वेळ. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात घड्याळ आहे. फोन आला की त्याची वेळ आपोआप नोंदवली जाते, ती आम्हाला पुसता येत नाही की बदलता येत नाही. ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं सगळं मी विसरले असेन, पण वेळेच्या बाबतीत खोटं बोलायचं नाही हे नाही विसरले. विसरले नाही, तरी बोलले. त्याचीच ही गोष्ट.

तो शुक्रवार होता. कोपऱ्यात दहा चौतीस झाले होते, तेव्हा बोरगावच्या पुढच्या एका मळ्यातल्या वस्तीवरून फोन आला. म्हातारीचा आवाज, पण ठाम. "मालकांच्या छातीत दुखालंय. घाम लई आलाय. डावा हात उचलंना." मी पत्ता विचारला आणि आयुष्यात पहिल्यांदा मला नीट पत्ता मिळाला. डांबरी सोडल्यावर कॅनॉल, कॅनॉलच्या अलीकडं डावीकडं वळायचं, निळी टाकी दिसली की तेच घर. "कुत्रं हाय," ती म्हणाली, "पर चावत न्हाय." मला तर तिला उठून नमस्कार करावासा वाटला. निपाणीची गाडी मी लगेच सोडली. त्यांना बसवून ठेवा, चालवू नका, सदरा सैल करा, असं सांगितलं. ती प्रत्येक गोष्टीला "व्हय" म्हणत होती आणि करत होती.

गाडी दहा एक्कावन्नला पोचली. एरवी तिथं आमचं काम संपतं. पण दोन मिनिटांनी ड्रायव्हरचाच फोन.

"मॅडम, पेशंट येईना."

"बेशुद्ध आहे?"

"न्हाय, चांगला शुद्धीवर हाय. राहूकाळ हाय म्हणतोय. बाराला निघू म्हणतोय."

शुक्रवारचा राहूकाळ साडेदहा ते बारा. हे मला कॅलेंडर बघावं लागलं नाही, आमच्याकडं पोरांना पाढ्यांच्या आधी हे येतं. रोज दिवसातला दीड तास असा, की त्यात काही सुरू करायचं नाही आणि घरातून बाहेर पडायचं नाही. वडगावात त्या दीड तासात कुणी नवी साडी मागावर चढवत नाही. ते ठीक आहे, साडी थांबते. छाती थांबते का?

"मग उचलून घाला की गाडीत!"

"कसं उचलू? दाराची चौकट धरून बसलाय. अन् मॅडम…" त्यानं आवाज खाली आणला. "खरं सांगू काय? राहूकाळात पेशंट भरायचा म्हणजे मलाबी नको वाटालंय."

त्याच्या गाडीला पुढं लिंबू-मिरची असते हे मला माहीत होतं. मी त्याला जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. रेकॉर्डिंगमध्ये मात्र ते आहे. मागून गाडीतल्या नर्सचा आवाज आला, "मॅडम, बीपी उतरतंय, बारापर्यंत काय खरं न्हाय."

मी म्हातारीच्या मोबाइलवर फोन लावला आणि स्पीकर सुरू करायला सांगितलं. म्हातारा खरंच बोलत होता. दम लागलेला, पण मत पक्कं.

"आजोबा, आत्ता निघा. हट्ट करू नका."

"पन्नास वर्सं पाळलंय, बाई. राहूकाळात उंबरा वलांडला की माणूस परत घरात येत न्हाय. माझा थोरला भाऊ असाच गेला."

"अहो, नाही गेलात तर घरातच मराल!"

"ते चालंल," म्हातारा म्हणाला. "घरात तर हाय न्हवं मी."

त्याला मरणाची भीती नव्हती, परत न येण्याची होती. मागून म्हातारी एवढंच म्हणत होती, "तू सांग गं, पोरी. तू सांग." आणि त्या क्षणी मला आमच्या वडिलांची पिशवी आठवली.

वडील साड्यांचा गठ्ठा घेऊन पुण्याला जायचे. निघायची वेळ वाईट असली की आई आधीच, चांगल्या वेळेला, त्यांची एक पिशवी शेजारच्या घरी नेऊन ठेवायची. आत एक टॉवेल, मूठभर तांदूळ, एक सुपारी. याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. पिशवी उंबरा ओलांडून गेली, म्हणजे माणूस निघाला असं धरायचं. मग राहूकाळ आला काय नि गेला काय, तो निघालेल्या माणसाला लागत नाही. पिशवी शेजारी आणि वडील घरात पोहे खात बसलेले, असं मी कितीदा बघितलंय. "कुठं आहेत?" म्हणून कुणी विचारलं तर आई गंभीरपणे सांगायची, "पुण्याला गेलेत", आणि आतून वडील चहा मागायचे.

"आजोबा," मी म्हटलं, "तुमचं प्रस्थान ठेवलंय."

म्हाताऱ्यानं लगेच विचारलं, "कुठं?"

"इथं. आमच्या कंप्युटरात. आज्जींनी फोन केला तेव्हाच तुमचं नाव, गाव, वय सगळं लिहून घेतलंय मी. नाव बेळगावात पोचलं. तुम्ही निघालाय. आता अंग तेवढं यायचं राहिलंय."

छातीत कळा येणारा माणूस विचार करू लागला. मी तो विचार ऐकू शकत होते. "नुसत्या नावाचं चालतंय व्हय? कापड लागतंय. सुपारी लागती."

"सरकारी प्रस्थानाला सुपारी लागत नाही."

हे त्याला पटलं. सरकारचं काहीतरी वेगळं असणार, यावर आपल्याकडं सगळ्यांचा विश्वास असतो. पण म्हातारा कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्यानं बायकोला विचारलं, "फोन किती वाजता केलतीस?"

कुत्रं तेवढं भुंकत होतं. माझ्या पडद्यावर त्यांच्या नावापुढं लिहिलेलं मला स्वच्छ दिसत होतं, दहा चौतीस. राहूकाळ लागून चार मिनिटं झाल्यावर.

"दहा सव्वीस," मी म्हटलं. "इथं लिहिलंय."

मग म्हातारी इतक्या मोठ्यानं ओरडली, की मी, वडगावची, मी हेडफोन कानापासून लांब धरला. "ऐकलंसा न्हवं? दहा सव्वीस! आदीच निघालायसा तुम्ही! सोडा ती चौकट!"

दहा अठ्ठावन्नला गाडी हलली. म्हातारा वाचला. अकरा दिवस दवाखान्यात काढून घरी परत गेला. त्या दिवशी मी डबा खाल्ला नाही, नुसती बसून राहिले. फार बरं वाटत होतं.

इथं थांबलं असतं तर बरं होतं. पण तो ड्रायव्हर. ज्याला स्वतःलाच पेशंट भरायला नको वाटत होतं, त्यानं निपाणीच्या स्टँडपासून बोरगावच्या चावडीपर्यंत सगळ्यांना सांगितलं, की बेळगावात कंप्युटरमध्ये प्रस्थान ठेवायची सोय झालेली आहे. पंधरा दिवसांत फोन सुरू झाले.

"बाई, मंगळवारी तीनच्या बसनं तिरुपतीला चाललोय. सहा माणसं. आमचं प्रस्थान ठेवा."

"हा अत्यावश्यक सेवेचा नंबर आहे!"

"व्हय की. अत्यावश्यकच हाय. तीनला राहूकाळ लागतोय."

एकानं मुलाला मुलगी बघायला न्यायचं म्हणून फोन केला आणि मुलगा अजून झोपलाय, पण त्याचं नाव घ्या, म्हणाला. एक गृहस्थ कडोलीच्या साहित्य संमेलनात कविता वाचायला निघाले होते. त्यांनी स्वतःबरोबर कवितेचंही प्रस्थान ठेवायला सांगितलं, कारण मागच्या खेपेला ते पोचले आणि कविता घरीच राहिली होती. माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी हसून हसून हेडफोन काढून ठेवायची. आणि तो ड्रायव्हर प्रत्येक खेपेला निघताना मला विचारायचा, "मॅडम, ठेवलं न्हवं?" मी तोंडाला येईल ते बोलायची, तो "ठेवलं म्हणायचं" म्हणून गाडी सुरू करायचा.

एवढे वेडे फोन कुठून यायला लागले, म्हणून साहेबांनी जुनी रेकॉर्डिंग काढायला सांगितली आणि माझं सापडलं. मला नोटीस आली. ती मी जपून ठेवली आहे. नोटीस कन्नडमध्ये, मराठीत सांगायची तर तीत लिहिलं होतं, 'आपण रुग्णाचे प्रस्थान संगणकात ठेवल्याचे कॉलरला सांगितले. अशी सोय आपल्या प्रणालीत उपलब्ध नाही.' दुसरा मुद्दा, 'सरकारी प्रस्थानास सुपारी लागत नाही, असे आपण कोणत्या आदेशाच्या आधारे सांगितले?' तिसरा मुद्दा मात्र हसण्यासारखा नव्हता. 'कॉलची वेळ १०.३४ असताना ती १०.२६ सांगितली.'

चौकशी शुक्रवारी सकाळी साडेदहाला ठेवली होती. आदल्या दिवशी साहेबांनी ती बारा वाजून पाच मिनिटांवर नेली. दुसरी मीटिंग आहे, म्हणाले. शुक्रवारी साडेदहा ते बारा ते केबिनमध्ये एकटेच पेन्सिलीला टोक करत बसलेले मी काचेतून बघितले. धारवाडकडचा माणूस, सज्जन. बारा पाचला त्यांनी मला आत बोलावलं आणि अगदी निरागस चेहऱ्यानं विचारलं, "मॅडम, हे प्रस्थान म्हणजे काय असतं?"

मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. मग म्हणाले, नियम साधा आहे. कॉलरला चुकीची माहिती दिली असेल, तर जिनं दिली तिनंच, रेकॉर्डिंगवर, परत फोन करून बरोबर माहिती द्यायची. कॉलरनं दुरुस्ती मान्य केली की फॉर्मवर खूण करायची, तुमची चूक कबूल झाली असं धरायचं, आणि पुढच्या महिन्यात तुमच्या नोकरीच्या कराराची मुदत वाढवायची की नाही ते वरचे ठरवतील.

"आणि कॉलरनं मान्य केली नाही तर?"

त्यांनी फॉर्म उलटून बघितला. "तसा एक चौकोन आहे," ते म्हणाले. "आजपर्यंत कुणी वापरलेला नाही."

मला नोकरी हवी होती, यात आडपडदा कशाला ठेवू? घरचे माग आता दोनच चालतात. पण खरं सांगते, त्या दिवशी मी घाबरले ती नोकरीसाठी नव्हे. त्या म्हातारीला मी सांगायचं होतं, की तुमचे मालक राहूकाळातच उंबरा ओलांडून गेले. म्हणजे उद्या म्हातारा शिंकला तरी त्या घरात दोघं एकमेकांकडं बघणार. वाचवलेला माणूस मी स्वतःच्या तोंडानं परत दाराच्या चौकटीत नेऊन बसवायचा. मी साहेबांना म्हटलं, मला काढून टाका पण हा फोन नको. ते म्हणाले, "काढून टाकलं तरी हा फोन करावाच लागेल, मॅडम. फॉर्म पुरा व्हायला पाहिजे."

मी फोन लावला. साहेब दुसरा हेडफोन लावून समोर बसले.

"आज्जी, मी बेळगावातनं बोलतेय. त्या दिवशीची."

"व्हय व्हय, वळखलं. आवाजावरनंच वळखलं. मालक बरे हायत गं. आत्ताच दशमी खाल्ली. स्पीकरवर ठेवू?"

"नको!" मी ओरडले. साहेबांनी हातानं 'हळू' म्हणून खूण केली. "आज्जी, तुम्हीच ऐका. त्या दिवशी मी तुम्हाला वेळ चुकीची सांगितली. तुमचा फोन दहा सव्वीसला आला नव्हता. दहा चौतीसला आला होता. हे मान्य आहे का, एवढं सांगा."

मागं कुत्रं भुंकत होतं.

"न्हाय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मला मान्य न्हाय. भिंतीवरच्या घड्याळात बघून फोन केलता मी. दहा सव्वीस झालतं."

"आज्जी, आमच्या कंप्युटरवर चौतीस आहे."

"तुमचं घड्याळ पुढं असंल. दुरुस्त करून घ्या की. एवढं मोठं सरकार, साधं घड्याळ लावता येईना व्हय?"

मी साहेबांकडं बघितलं. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला, माझ्या माइकवर वाकले आणि आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले, "आज्जी, कंप्युटर चुकत नाही."

"कोण गं हे?" म्हातारीनं विचारलं. "त्यास्नी सांग, मालकांचं प्रस्थान दहा सव्वीसलाच ठेवलंय. त्यात आता बदल व्हायचा न्हाय." आणि तिनं फोन ठेवला.

साहेबांनी तो कधीच न वापरलेला चौकोन शोधला आणि त्यात खूण केली. कॉलर दुरुस्ती मान्य करत नाही. अशा वेळी पुढं काय करायचं हे नियमात कुठंच लिहिलेलं नव्हतं, म्हणून फाइल वर गेली आणि कुणालाच काही सुचेना म्हणून वरच राहिली. माझा करार वाढला. कंप्युटरचं घड्याळ तपासायला एक माणूस मात्र येऊन गेला. तो म्हणाला, बरोबर आहे.

मी समजून चालले, की म्हातारीनं माझ्यावर पुरता विश्वास ठेवलाय. इतका, की स्वतःचं घड्याळसुद्धा तिला माझ्या बोलण्याप्रमाणं दिसलं. मला वाईट वाटायचं. देवभोळ्या बाईला आपण फसवलं, असं कितीतरी दिवस मनात यायचं, आणि मग मी समोरच्या टेबलावरच्या माणसांवर उगाच चिडायची.

सात-आठ महिने गेले. एका मंगळवारी दुपारी शेजारच्या मुलीनं हात वर केला. "तुझ्यासाठी आहे. मोठ्यानं बोलणाऱ्या बाईला दे म्हणतेय."

मी फोन घेतला.

"पोरी, गाडी नको," म्हातारी म्हणाली. "गाडीचं काम न्हाय आता. मालक गेले. जेवून पडलेते, तसंच. पोरास्नी फोन लावतोय, लागंना. तुझाच तेवढा लागतोय बघ."

पाच वर्षं मी लोकांना धीर देतेय, आणि मला "आज्जी" एवढंच म्हणता आलं.

"रडू नगंस. घरातच गेले. त्यास्नी तेच पायजे हुतं." मागं कुणी नव्हतं, कुत्रंही नाही. "किती वाजले गं तुझ्यात? वेळ सांगाय लागती सगळ्यांस्नी."

मी कोपऱ्यात बघितलं. तीन वीस. मंगळवारचा राहूकाळ तीनला लागतो. मी विचार केला नाही, अगदी सहज माझ्या तोंडून गेलं, "दोन पन्नास, आज्जी."

पलीकडं ती हळूच हसली, का श्वास सोडला, ते मला कळलं नाही.

"ह्या खेपेला खरी सांग, पोरी," ती म्हणाली. "आता त्यास्नी कुठं ऐकू येतंय?"

मी डोळे पुसले आणि परत कोपऱ्यात बघितलं.

"तीन वाजून एकवीस मिनिटं."

"व्हय," म्हातारी म्हणाली. "माझ्याबी घड्याळात तेवढंच हायत."